पिक्चर संपला, गाव राहिलं

घोड्यावरून आलेला परका निघून गेल्यावर त्या गावाचं काय झालं असेल?

आज टँकरच्या रांगेत आईला मोबाइलवर इटलीतला एक जुना काउबॉयपट दाखवला. अमेरिकन काउबॉय न्यायासाठी लढायचे; इटलीवाल्यांनी नायकालाही स्वार्थी केलं, म्हणून मला ते चित्रपट खरे वाटतात. यातला परका नायक घोड्यावरून येतो, गावात भांडणाऱ्या दोन्ही टोळ्या मारतो आणि निघून जातो.

आई म्हणाली, "मागं राहिलेल्यांचं काय गं?"

"पिक्चर संपला, आई."

"पिक्चर संपला. गाव हाय की."

आमची दूध सोसायटी दोन गटांच्या भांडणात बंद पडलीय. दुष्काळात दुधावरच चूल पेटायची. आता गाई बाजारात चालल्यात. सोसायटीची निवडणूक लागलीय, तरी सगळे म्हणतात, कुणीतरी यायला पाहिजे. तुमच्याकडेही असंच म्हणतात का?

मी दुपारी तालुक्याला, गेवराईला जाऊन सोसायटीच्या निवडणुकीत दोन्ही गटांविरुद्ध अर्ज भरून आले.