डावा हात देऊन गेलेला माणूस

सेनेगलला निघालेलं कुणी ‘तिथे धोका किती?’ असं विचारू लागलं, की मला सौदीतल्या रास अल खैरचा तो दिवस आठवतो. पोलीस खात्यातून निवृत्त होऊन मी तिथल्या एका कामगार कॅम्पवर सुरक्षा अधिकारी झालो होतो.

कँटीनमधून खबर आली. सेनेगलचा एक रिगर, क्रेनला अवजड माल बांधणारा कामगार, कामावर गेला नव्हता. आदल्या दिवशी रूममेटशी, राजापूरच्या एका फिटरशी, त्याचं भांडण झालं होतं. कॅम्प बॉस म्हणाला, “पळालाय. संध्याकाळी हुरूब टाकतो.” हुरूब म्हणजे कामगार फरारी झाल्याची नोंद. ती लागली की नोकरी जाते, इकामा म्हणजे राहण्याचा परवाना जातो, माणूस हद्दपार होतो.

मी संध्याकाळपर्यंतची मुदत मागितली आणि फिटरला बोलावलं.

“एसीवरून बोलाचाली झाली, साहेब, एवढंच. पण सकाळी बॅग घेऊन निघाला नि डावा हात पुढे केलान. मी काय हलका माणूस?”

“मग?”

“तोंड फिरवलं.”

भांडणारा माणूस जाताना हात कशाला देईल? मी वर्कशॉपमधल्या सेनेगली मेकॅनिकला गाठलं. तो कोळशावर चहा उकळत होता. मी थेट प्रश्न केला. त्याने आधी माझी तब्येत विचारली, मग घरच्यांची, मग चहाचा ग्लास हातात दिला. मीही त्याच्या मुलांची चौकशी केली. त्यानंतर तो बोलला.

“लंबा सफर है, तो उल्टा हाथ देते हैं. मतलब, वापस आके सीधा करेगा. दुश्मन को नहीं देते.”

“गया किधर?”

“तबूक. छोटा भाई साइट पे गिर गया.”

फोन लावला. रिगर देशाच्या दुसऱ्या टोकाला, तबूकच्या रुग्णालयातच होता. सुपरवायझरने रजा नाकारली म्हणून न सांगता गेला होता. कॅम्प बॉस बराच वेळ कुरकुरला, पण तातडीची रजा मंजूर झाली. ते कळवायला पुन्हा फोन लावला, तेव्हा डाव्या हाताचा अर्थ कळलेल्या फिटरने माझ्या हातून फोन घेतला. “एसी तुला पायजे तेवढा ठेव. पण भावाला बरा करून ये.” पलीकडच्याला मराठी कळत नव्हतं. तरी दोघं बराच वेळ बोलले.

तो कॅम्प आता उठला. कोळशावरच्या त्या कडक, गोड चहाची मात्र अजून आठवण येते.

विचारणाऱ्यांना मी सांगतो, डकारच्या बाजारात मोबाइल आतल्या खिशात ठेवा, टॅक्सीचं भाडं बसण्याआधी ठरवा आणि काम सांगण्यापूर्वी समोरच्याच्या घरच्यांची विचारपूस करा. पहिल्या दोन सूचना लोक लक्षात ठेवतात. तिसरीला हसतात. त्या दिवशी मी चहा न घेता उठलो असतो, तर भावाच्या उशाशी बसलेला एक माणूस सरकारदरबारी फरारी ठरला असता.