ओळखीच्या माणसांचा ओळखीचा खेळ

गावोगाव ट्रेनिंग घेत फिरणाऱ्या माणसाच्या घरी दोन गोष्टी साठत जातात: उरलेली स्केचपेनं आणि किस्से. स्केचपेनं वाळून जातात. किस्से मात्र कोणी चहाला आलं की आपोआप बाहेर पडतात!

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या शेतकरी गटांना, बचत गटांना कारभार शिकवणं हे माझं काम. पण आमच्या हेड ऑफिसचा नियम असा, की आधी 'आइसब्रेकर' घ्यायचा. म्हणजे लोकांची एकमेकांशी ओळख व्हावी म्हणून एखादा खेळ. हा नियम करणारा माणूस बहुधा फ्लॅटमध्ये राहत असावा. आमच्याकडे माणसाची ओळख त्याच्या जन्माआधीच झालेली असते.

*

पिंपरी पेंढारला मी चेंडूचा खेळ घेतला. चेंडू ज्याच्याकडे जाईल त्याने आपलं नाव सांगायचं. एका तरुणाने चेंडू झेलला. त्याने तोंड उघडायच्या आत बाकीचे ओरडले, "बाळू!" पुढच्याचंही तसंच झालं. मग चेंडू एका आजोबांकडे गेला. त्यांनी तो शांतपणे मांडीवर ठेवून घेतला.

"मॅडम, हितं समदे वळखीचेच हायेत. नवख्या तुमीच. कुठल्या तुमी?"

"ओतूरची."

"म्हायेर का सासर?"

झालं! माझे वडील, आजोबा, मामाचं गाव, आत्या कुठे दिली, सगळं निघालं. शेवटी मी त्यांच्या साडूच्या पुतणीची नणंद ठरले. मग कुठे आजोबांनी चेंडू सोडला. "खेळा रे! घरच्याच माणसानं आणलाय खेळ!"

त्या दिवशी मला पुन्हा कोणी मॅडम म्हटलं नाही. जेवल्याशिवाय सोडलंही नाही.

*

कळंबला 'दोन खरं, एक खोटं' घेतलं. आपल्याबद्दल तीन गोष्टी सांगायच्या, त्यातली खोटी कोणती ते इतरांनी ओळखायचं. नमुना म्हणून मी हेड ऑफिसच्या पुस्तिकेतलं उदाहरण तसंच वाचलं. "मला चहा आवडतो. मला दोन भाऊ आहेत. मी आमच्या दारात बिबट्या पाहिलाय."

सगळे विचारात पडले. पुढे बसलेल्या एका काकूंनी अगदी काळजीने विचारलं, "बिबट्या तर समद्यांच्याच दारात येतो. मंग तुमाला चा न्हाई व्हय आवडत?"

त्यानंतर एक टोमॅटोवाले भाऊ उठले. "मला पोहता येतं. माझ्या बहिणीला जुळी पोरं हायेत. औंदा टोमॅटोला भाव चांगला घावला."

"तिसरं!" अख्खा हॉल एका सुरात. एवढी एकी मी कुठल्याच ट्रेनिंगला पाहिली नाही, राव.

*

घोडेगावला एकदा प्राण्यांचा खेळ केला. डोळे मिटायचे, आपल्या प्राण्याचा आवाज काढायचा आणि तोच आवाज काढणारा जोडीदार शोधायचा. पारूबाईंच्या चिठ्ठीत म्हैस आली होती. त्यांनी असा काही खणखणीत हंबरडा फोडला, की बाहेर बांधलेली म्हैस दावं तोडून थेट हॉलच्या दारात! मागोमाग मालक. "आमच्या म्हशीला हाक कुणी मारली?"

पारूबाईंनी डोळे उघडले आणि म्हशीकडे पाहून म्हणाल्या, "मॅडम, माझी जोडी जमली. बाकीच्यांचं बघा."

*

आणि एक किस्सा डोंगरातल्या वाडीचा.

वाडीला भात भरडायचं मशीन मिळणार होतं. तोवर बायका भाताची पोती जीपवर लादून पार घोडेगावला नेत होत्या. अट एकच होती: वाडीतल्या दोन्ही बचत गटांनी एक व्हायचं. एका गटाची अध्यक्ष हौसाबाई, दुसऱ्या गटाची चंद्राबाई. दोघी जावा, दोन्ही घरांत एकच भिंत, आणि कित्येक वर्षांचा अबोला! कशावरून, ते वाडीत कोणी धड सांगत नव्हतं. बोलायचंच झालं तर मध्ये तिसरं माणूस धरायचं आणि त्याला सांगायचं, दोघी समोरासमोर असल्या तरी.

दुपारी मशीन मंजूर करणारे साहेब येणार होते. तोवर दोघींचा होकार झाला नाही, तर मशीन दुसऱ्या गावाला जाणार. या मशीनसाठी मी वर्षभर त्यांच्या ऑफिसात खेटे घातले होते.

खेळ साधा होता. फळांच्या चित्रांचे अर्धे तुकडे वाटायचे, दोन तुकडे जुळले की ती जोडी. जोडीने थोडा वेळ एकमेकींशी बोलायचं, मग एकीने दुसरीची ओळख करून द्यायची. आंब्याचे दोन तुकडे नेमके या दोघींकडेच गेले. मी मुद्दाम केलं नव्हतं, शपथ!

"मॅडम, तिला सांगा, सरकून बस," हौसाबाई म्हणाल्या.

"त्यास्नी सांगा, जागा लई हाय," चंद्राबाई म्हणाल्या.

एवढंच. बाकी सगळा वेळ दोघी दोन खिडक्यांतून बाहेर बघत बसल्या. आता ओळख काय करून देणार?

हौसाबाई उठल्या. "हिचं नाव चंद्राबाई. नाचणीची भाकर हिच्यासारखी वाडीत कुणाची व्हत न्हाई. हिला पावटा सोसत न्हाई. डावा खांदा दुखतो, म्हून हंडा आता उजव्या अंगाला घेती. खोकला आला की भिंतीकडं पाठ करून खोकती. आमाला ऐकू जाऊ नये म्हून."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चंद्राबाई पदर सारखा करत उठल्या.

"ह्यांचं नाव हौसाबाई. ह्यास्नी डाक्टरनं साखर बंद केलीया. पर ह्या चोरून खडीसाखर खात्यात."

हौसाबाई गर्रकन वळल्या. "तुला गं कुणी सांगितलं?"

एकदम सगळ्या बायका हौसाबाईंकडे बघायला लागल्या; मध्ये तिसरं माणूस धरलंच नव्हतं! चंद्राबाईही बघतच राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "सांगाया कशाला पायजे, अक्का? डब्याचं झाकण वाजतं की."

तेवढ्यात साहेब दारात आले. "काय, ठरलं का? मशीनचं काय करायचं?"

हौसाबाईंनी मानसुद्धा वळवली नाही.

"सायेब, जरा दम धरा. आमची वळख चाललीया."