वांग्यांमुळे अडलेलं छप्पर

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. वडील तालुक्याच्या गावी मास्तर होते आणि आम्ही सहा जण भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. शाळेच्या मागे एका भाजीवाल्या शेतकऱ्याचं घर अर्धवट उभं होतं. भिंती पुऱ्या, छप्पर नाही. त्याला ते विकून संग्रामपूरकडे ओलिताचं वावर घ्यायचं होतं, वडिलांना घर हवं होतं. बोलणी पहिल्याच चहात मिटली. अडलं ते बांधकामाच्या परवान्यावर.

त्याने अर्ज केला होता. कारकून म्हणाला होता, "तुमी बांधा, कागद मागून येते." भिंती झाल्यावर मागून आली ती काम थांबवण्याची नोटीस. वडील व्याकरण शिकवायचे, नियमावर त्यांची श्रद्धा होती. परवाना हाती आल्यावरच खरेदी, असं त्यांनी सांगून टाकलं.

मग दर बाजाराच्या दिवशी घेणारा आणि विकणारा एकाच सायकलवर नगरपालिकेत जाऊ लागले. कारकून मान वर न करता म्हणायचा, "ओव्हरसियर साहेब दौऱ्यावर हायेत." साहेबांचा दौरा उन्हाळाभर चालला. मग नकाशात उत्तर दिशेचा बाण नाही म्हणून अर्ज परत आला. वडिलांनी बाण काढला. पुढच्या खेपेला तो पेन्सिलीचा निघाला, शाईचा हवा होता.

तोवर पावसाळा लागला. शेतकरी म्हणाला, "गुरुजी, जागा रिकामी काऊन ठेवाची? चार वांगे लावतो." माजघरात वांगी आली, स्वयंपाकघरात कोथिंबीर, आणि देवघराच्या कोनाड्यातून दोडक्याचा वेल वर चढला. आई संध्याकाळी तिथून भाजी खुडून आणायची आणि म्हणायची, "स्वयंपाकघर मोठं आहे हो."

वांगी ऐन भरात असताना साहेब एकदाचे पाहणीला आले. चौकटीतून वाकून आत शिरले आणि माजघरात थबकले.

"हे काय?"

"वांगे, साहेब," शेतकरी अभिमानाने म्हणाला.

साहेबांनी तिथेच शेरा लिहिला: 'सदर जागेत शेती चालू असल्याचे आढळले. प्रथम बिगरशेती परवानगी घ्यावी.'

वडील कळवळून म्हणाले, "अहो, चारी बाजूंनी भिंती आहेत!"

"भिंतींचा परवाना आहे?"

"नाही."

"मग त्या कागदावर नाहीत. वांगी मी डोळ्यांनी पाहिली."

शेतकऱ्याने त्याच दिवशी फुलाफळांसकट सगळी झाडं उपटली. नवा अर्ज गेला. परवाना आला तो पुढच्या दिवाळीनंतर. तोवर संग्रामपूरचं वावर दुसऱ्याने घेतलं होतं.

ते सांगायला तो आमच्याकडे आला तेव्हा वडिलांची मान खाली होती. "मी तेव्हाच खरेदी केली असती, तर तुमचं वावर गेलं नसतं."

"तुमचं काय चुकलं, गुरुजी? तुमी कायद्यानं चालले. मलेच घाई होती."

त्याने साखरखेर्ड्याकडे कोरडवाहू जमीन घेतली. वडील त्याच्यासोबत ती पाहायला गेले होते. परत आल्यावर जेवले नाहीत. "विहिरीलाही पाणी लागायचं नाही तिथे," एवढंच आईला म्हणाले.

खरेदी झाली, घरावर टिनाचं छप्पर चढलं आणि आम्ही तिथे राहायला गेलो. दोन वर्षांनी मागे न्हाणीघर बांधायचं ठरलं. आईने विचारलं, "अर्ज केलात का?" वडील उठले. बाहेर जाऊन गवंड्याला म्हणाले, "उद्या सकाळीच या."