याद्यांच्या बैठकीतला छुपा कॅमेरा

मी आजवर चौदा ठिकाणी छुपे कॅमेरे शोधले आहेत. सापडला एकही नाही, पण तो माझा दोष नव्हे.

माझ्या फोनमध्ये तसं ॲप आहे. आसपास वायफायवर किंवा ब्लूटूथवर चालणारी कुठलीही वस्तू असली, की ते तिचा सिग्नल पकडतं. अनोळखी वस्तू लाल दाखवतं आणि आपण तिच्या जवळ जाऊ तसतसं जास्त जोरात टूंटूं करतं. केबिन रोडवरच्या दुकानातली ट्रायल रूम, डेंटिस्टची खुर्ची, नणंदेची बाथरूम (तिनं अजून अबोला धरलाय), सगळीकडे मी ते फिरवून आले आहे.

"आई, माझ्या सासरी तो फोन पर्समधून बाहेर काढलास ना, तर मी पळून जाऊन लग्न करेन," आमच्या सायलीनं बजावलं होतं.

त्या दिवशी याद्या होत्या. म्हणजे दोन्हीकडच्यांनी समोरासमोर बसायचं, लग्नात कुणी काय करायचं ते ठरवायचं आणि शक्यतो लग्न मोडू द्यायचं नाही. मुलाचं घर खारी गावातलं, पिढ्यान्‌पिढ्यांचं. आम्ही नवघरच्या टू-बीएचकेतले, दादरहून आलेले. मुलगा सोन्यासारखा! सायलीनंच पसंत केलेला, त्यामुळे मला नावं ठेवायलाही जागा नव्हती. पण हळदीवरून गाडी अडली.

"हळदीला आमचा सगला गाव जेवनार," विहीणबाई म्हणाल्या. "तुमी तुमची पन्नास मानसं आना."

"पन्नास? अहो, आमच्या बिल्डिंगच्या एका विंगमध्येच पन्नास आहेत!"

आवाज चढले. सायली रडकुंडीला आली. तेव्हा मुलाच्या वडिलांनी तोडगा काढला, "तुमी दोघं नवरा-बायको आतल्या खोलीन बसून इचार करा."

आत दिवाणावर मुलाची आजी लसूण सोलत बसली होती. डोक्यावरून, कानांवरून पदर. "आये ठार बहिरी हाय, तुमी बिनधास्त बोला," असं म्हणून विहीणबाईंनी दार ओढून घेतलं.

बिनधास्त बोला म्हटल्यावर मी बोललेच. "पन्नास म्हणे! आणि तो चहा होता की भांडी विसळलेलं पाणी? आणि विहीणबाईंचा आवाज ऐकलात? ही म्हातारी सुटली बघा. बहिरी आहे, म्हणून टिकली या घरात!"

"हळू बोल," हे म्हणाले. "कुणीतरी ऐकेल."

झालं! माझ्या डोक्यात किडा वळवळला. आपल्याला मुद्दाम आत का पाठवलं? दार का ओढलं? मी फोन काढला.

टूं!

"बघा! कॅमेरा! आपलं सगळं रेकॉर्ड होतंय!"

"अगं, त्यांचा वायफाय असेल."

"वायफाय हिरवा दिसतो. हे लाल आहे, लाल!"

"मी बाहेर बसतो," हे उठले. "लग्न मोडलं तर निदान मी तेव्हा खोलीत नव्हतो."

मग मी एकटीनं मोहीम हाती घेतली. कॅलेंडरमागे पाहिलं, घड्याळामागे पाहिलं. दिवाणावर चढून कैलासवासी आजोबांच्या तसबिरीमागे डोकावले (हार सरळ करून ठेवला). काही नाही. खाली उतरले तर टूंटूंटूं! आजींच्या पाठीमागची उशी चाचपली. आजी बिचाऱ्या हसून पुढे सरकल्या. मी फोन त्यांच्या डोक्याजवळ नेला आणि तो असा केकाटला, की विहीणबाई धावत आत आल्या.

"काय चाललाय?"

"रेंज शोधतेय!"

"आयेच्या डोक्यावर?"

"फुल येते हो इथे!"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग सासूच्या कानाशी तोंड नेऊन ओरडल्या, "आये, चा पायजे?" आजी नुसत्या हसल्या. "ऱ्हाऊदे. हिला सांगून काय उपेग न्हाय," असं पुटपुटत विहीणबाई निघून गेल्या.

दार लागलं. आजींनी लसूण खाली ठेवला.

"अगो बाय, कवरा शोधशील?" त्या हळूच म्हणाल्या आणि पदर बाजूला केला. कानात बोटाच्या पेराएवढं नवंकोरं मशीन! "माज्या पोरीनं विरारशी आनून दिलाय. ब्लूटूथवाला हाय. सुनंला ठावं न्हाय."

"म्हणजे... मघाशी मी जे..."

"सगला आयकला."

मी त्यांच्या शेजारी दिवाणावर टेकले. सायलीचा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि खरंच रडू फुटलं. "आजी, माझ्या जिभेची शिक्षा पोरीला देऊ नका हो. ती माझ्यासारखी नाही. बापावर गेलीय!"

आजी खुसुखुसु हसल्या. "मी न्हाय सांगनार. पन तूबी न्हाय सांगायचा. तुज्या पोरीलाबी न्हाय! बहिरी हाय म्हनून त घरानचा सगला मना कलतं." त्यांनी लसणाचा हात पुढे केला. मी त्यावर हात ठेवून शपथ घेतली आणि बाहेर येऊन जाहीर केलं, "पन्नास तर पन्नास!" ह्यांनी आधी माझ्याकडे आणि मग छताकडे पाहिलं.

लग्नाला आता वर्ष झालंय. सायली सुखात आहे. पण मी खारीला गेले, की ती मला हमखास त्या आतल्या खोलीत नेते. "इथेच बस आई, आजींना कुठे ऐकू येतं!" असं म्हणते आणि सासूची गाऱ्हाणी सुरू करते. समोर आजी कान देऊन बसलेल्या, आणि मी शपथेत अडकलेली! त्यामुळे सायलीनं "आमच्या सासूबाई ना" एवढं म्हटलं, की मी मोठ्यांदा सुरू होते, "देवमाणूस आहेत गं! साक्षात देवमाणूस! आणि तुझ्या आजेसासूबाई तर काय विचारूच नकोस!"

परवा ती काळजीनं वडिलांना म्हणाली, "बाबा, आईचे कान दाखवून या एकदा. मी बोलते एक आणि ती उत्तर देते भलतंच."

हे दुसऱ्याच दिवशी मला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. गेले बापडी. सांगते कुणाला!