आमचे विद्यापीठवाले मेहुणे

दारव्ह्यात जन्मून, दारव्ह्यातच शिकून, दारव्ह्याबाहेरचा एकही वर्ग न पाहता माणूस आयुष्यभर विद्यापीठाचा विद्यार्थी म्हणून मिरवू शकतो, हे सिद्ध करणारा आमच्या हिच्या थोरल्या भावासारखा दुसरा माणूस जिल्ह्यात नसेल. त्यांचं कॉलेज म्हणजे खताच्या गोदामावरच्या चार खोल्या. मी बाभुळगावच्या तसल्याच एका कॉलेजातून बी.कॉम. झालो आणि कुणी विचारलं तर तेवढंच सांगतो. मेहुण्यांना माझी कीव येते. "काहून असे लहान होता, जवाईबुवा? तुमच्या डिग्रीवर बाभुळगाव लिवलं हाय काय? मोठ्या अक्षरात विद्यापीठच हाय ना? मंग आपण तिथलेच!" कागद खरोखरच त्यांच्या बाजूने आहे, ही माझी अडचण. जोडलेल्या सगळ्या कॉलेजांतली माणसं असंच म्हणू लागली तर विद्यापीठाच्या आवारात उभं राहायलाही जागा पुरणार नाही, हा साधा हिशोब मी मांडून दाखवला. ते म्हणाले, "तुम्ही नका येऊ. तेवढीच जागा होईल."

त्यांच्या बियाण्यांच्या दुकानाच्या पाटीवर नावापुढे 'बी.ए. (विद्यापीठ)' असं रंगवलेलं आहे. शेतकरी सोयाबीनचं किडकं पान घेऊन आला, की औषधाआधी "आमच्या विद्यापीठात..." सुरू होतं, वास्तविक यांचा विषय इतिहास. नवे कुलगुरू नेमले गेले तेव्हा गिऱ्हाइकांना पेढे मिळाले. परीक्षा पुढे ढकलल्याची बातमी आली, की घरात कुणी दवाखान्यात असल्यासारखा चेहरा करून म्हणतात, "आमच्याकडं जरा गडबड चालू हाय."

विद्यापीठ त्यांनी पाहिलं ते एकदाच. पेपर दिला असूनही गुणपत्रिकेत गैरहजर दाखवलं, म्हणून ते एस.टी.ने गेले, परीक्षा विभागाच्या खिडकीपुढे दिवसभर उभे राहिले आणि दुरुस्ती करून संध्याकाळच्या गाडीने परतले. त्या एका दिवसातून त्यांनी तीन वर्षं काढली. ग्रंथालयाच्या पायऱ्या, कडुनिंबांची रांग, कँटीनमधला वाद, सगळं त्यातलंच. त्यांची मुलगी प्रज्ञा हेच ऐकत मोठी झाली आणि तिने ते सगळं खरं मानलं.

यंदा प्रज्ञाला एम.ए.साठी थेट विद्यापीठातच प्रवेश मिळाला. गाडी माझी, म्हणून मीही गेलो. एरवी तोंड न मिटणारे मेहुणे वाटभर खिडकीबाहेर बघत होते. फाटकाशी पोहोचल्यावर म्हणाले, "तुम्ही दोघं जा. मी गाडीत बसतो."

"अहो बाबा, असं कसं?" प्रज्ञा म्हणाली. "तुमचा वर्ग दाखवा ना मले!"

मेहुण्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चावी खिशात टाकली आणि उगाच टायर बघू लागलो. पोरीसमोर त्यांची फजिती व्हावी, असं मलाही वाटत नव्हतं.

ते उतरले. फाटकातून उजवीकडे, मग सरळ, इतक्या ठाम पावलांनी चालू लागले, की क्षणभर मलाच शंका आली. पाच मिनिटांत आम्ही एका भिंतीपुढे उभे होतो. भिंतीत एक बंद खिडकी होती. आता सगळं ऑनलाइन होतं, अशी सूचना तिच्यावर डकवलेली होती.

"हाच," मेहुणे म्हणाले.

"वर्ग?"

"वर्ग कायचा, बाई. इथं एक दिवस उभा होतो मी, मार्कशीट दुरुस्त करायले. शिकलो ते आपल्या गोदामावर. बाकीचं सगळं मी लावून सांगतलं तुले."

मेहुणे चपलेच्या अंगठ्याकडे बघत राहिले. दुकानाच्या पाटीवरच्या त्या कंसाचा मला इतका राग यायचा, पण त्या वेळी ती पाटी कुणी पुसली असती तर मी त्याच्याशी भांडलो असतो.

"म्हणजे बाबा," प्रज्ञा सावकाश म्हणाली, "आपल्या घरातून इथं शिकणारी पहिली मीच?"

मेहुण्यांनी मान वर केली. इतकी वर्षं आपण पोरीच्या जागेवर रुमाल टाकून बसलो होतो, हे त्यांच्या तेव्हाच ध्यानात आलं असावं.

"हो," ते म्हणाले. "पहिली तूच. मी दारव्ह्याचा."

तिने फाइल छातीशी धरली, हसली आणि पुढे निघाली. वळणापाशी थांबून तिने मागे पाहिलं, इकडे की तिकडे? सवयीने मेहुण्यांचा हात दिशा दाखवायला वर गेला आणि तसाच राहिला. खिडकीच्या पुढचा रस्ता त्यांना माहीत नव्हता. प्रज्ञाने जवळून जाणाऱ्या एका मुलीला विचारलं आणि दोघी बोलत बोलत आत गेल्या.