माहेरचा डाव

कळव्याला पिकलबॉल बघायला निघालो तेव्हा मी बॅडमिंटनची रॅकेट आणि शटलचा नवाकोरा डबा काखेत मारला होता. आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगखाली टॅक्सी उभी. बायको डब्याकडे बघून म्हणाली, "अहो, त्यात शटल नसतं. चेंडू असतो."

"जाळी असते ना? मग झालं."

तेवढ्यात तिला काही आठवलं आणि ती पुन्हा वर गेली. टॅक्सीवाला हॉर्नवर हॉर्न. मी जिन्याच्या तोंडाशी उभा राहून "आता काय राहिलं?" म्हणून ओरडलो. ती आली, पण हातात नवीन काहीच दिसलं नाही. गॅस बघून आली असेल, असं मी परस्पर ठरवून टाकलं.

आमंत्रण खरं तर तिचंच. कळव्याची ती कॉलनी म्हणजे सुनंदाचं माहेर. सासू-सासरे गेले, घर विकलं गेलं, पण तिची लहानपणची जोडीदारीण शैला अजून तिथेच राहते. हिवाळ्यात कॉलनीच्या मैदानात चुन्याच्या रेघा मारून बॅडमिंटन चालायचं, त्यात या दोघींना हरवणारं कोणी नव्हतं म्हणे. 'म्हणे' अशासाठी, की लग्नानंतर मी सुनंदाच्या हातात रॅकेट पाहिलेली नाही. आता त्याच मैदानात हा नवा खेळ आलेला, आणि शैला महिनाभर फोन करत होती, "ये गं एकदा."

शीळफाट्यापर्यंत मेट्रोच्या खांबांनी रस्ता अडवलेला. टॅक्सीवाला रॅकेटकडे बघत म्हणाला, "साहेब, खेळायला एवढ्या लांब कशाला? खड्डे चुकवून इथेच घाम निघतो." मुंब्र्याच्या बायपासला लागलो, तशी खाली खारफुटीआड खाडी चमकली. सुनंदाने काच खाली केली. "आलंच आता," ती स्वतःशीच म्हणाली.

कॉलनीत शिरताच टॉक-टॉक आवाज. चार चाळिशी-पन्नाशीतल्या बायका, ओढण्या कमरेला खोचून, फळीसारख्या बॅटींनी भोकाभोकांचा प्लॅस्टिकचा चेंडू बडवत होत्या. कट्ट्यावर बॅटींची रांग. ज्याची बॅट पुढे, त्याचा डाव आधी. पूर्वी चुना मारणारे कांबळेकाका आता खुर्चीत बसून गुण ओरडत होते. मला म्हणाले, "माप तेच हो, बॅडमिंटनचं. जाळी तेवढी खाली आणली, म्हणून आमची म्हातारी मंडळी परत मैदानात आली."

शैलाने सुनंदाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "सुने, तयारीनिशी आलीस की गं!"

रांगेच्या सगळ्यात पुढे एक निळी बॅट वेगळी ठेवली होती. काका म्हणाले, "हा माहेरचा डाव. कॉलनीची मुलगी आली, की तिला रांग नाही. पहिला डाव तिचा."

माझ्या कानांनी यातला 'माहेर' तेवढा उचलला. माहेर म्हटलं की जावई आलाच! श्रीखंडाची पहिली वाटी ज्या सहजतेने ओढावी, त्याच सहजतेने मी ती बॅट उचलली. शैलाने तोंड उघडलं.

"असू दे," सुनंदा म्हणाली, "खेळू दे त्यांना." आणि माझा शटलचा डबा हातात घेऊन कट्ट्यावर बसली.

पुढचं काय सांगू! जाळीलगतच्या पट्ट्याला किचन म्हणतात (चेंडूचा टप्पा पडल्याशिवाय तिथे उभं राहून मारायचा नाही). मी सारखा तिथेच.

"भावोजी, किचनमधून बाहेर या!" शैला.

"राहू दे गं, घरी कुठे जातात!" कोणीतरी.

हशा पिकला. मला वाटलं, मैफल जिंकली. डाव हरलो तर "आणखी एक" म्हणून हट्ट धरला, आणि जावयाला नाही कोण म्हणणार? तोही हरलो. मग रांगेतल्यांचे डाव झाले, ऊन चढलं आणि काकांनी जाळी सोडली.

शैलाकडे घावणे (तांदळाच्या पिठाची जाळीदार धिरडी) आणि नारळाची चटणी झाली. मी पाच घावणे खाल्ले आणि माझे फटके वर्णन करून सांगितले. निघताना शैलाने सुनंदाचा हात बराच वेळ धरून ठेवला. "पुढच्या महिन्यात मी मुलीकडे बंगलोरला चाललेय, कायमची. तुला बोलले होते ना फोनवर." मला हे नवीन होतं. सुनंदाने नुसती मान हलवली.

परतीच्या वाटेवर शीळफाट्याला अडकलो, तेव्हाही मी किचनचे नियम समजावत होतो. सुनंदा मागे पडलेल्या खाडीच्या दिशेला बघत होती.

घरी आल्यावर दारातल्या स्टुलावर ती वाकून बसली, तेव्हा पहिल्यांदा तिच्या पायांकडे लक्ष गेलं. पांढरे कॅनव्हासचे बूट. नवे. सकाळी वर गेली होती ती चपला बदलायला. मी दिवसभर खाडी पाहिली, खेळ पाहिला, घावण्याची जाळी पाहिली; प्रवासवर्णन लिहायला बसलोय, म्हणजे डोळे उघडे ठेवून फिरणारा माणूस समजतो स्वतःला.

ती लेसशी झटत होती.

"अहो," ती म्हणाली, "धावताना सुटू नये म्हणून दुहेरी गाठ मारली होती. जरा सोडून देता का?"