कानाचं दुकान आणि न ऐकणारे जावई

आमचे जावई कानाची मशिनं विकतात. लोकांना ऐकू यावं म्हणून दुकान थाटलं, पण स्वतः कधी कोणाचं ऐकलं असेल तर शपथ. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, आणि वर दिवा सतत नवा हवा. बिजागरी कुरकुरली तर हे तेल घालत नाहीत, दारच बदलतात. माझं मनगटी घड्याळ त्यांनी दोनदा बदलून दिलं. दोन्ही नवी बंद पडली, जुनं अजून चालतंय. असो, घड्याळाची गोष्ट वेगळी.

त्या दिवशी आमच्या हिला घेऊन दुकानात गेलो होतो. मशिनं लावूनही कमी ऐकू येऊ लागलं होतं, म्हणून ती कॉम्प्युटरला जोडून आवाज पुन्हा जुळवून घ्यायचा होता. दुसऱ्याच दिवशी तिची धाकटी बहीण भेटायला येणार होती. मुलाकडे परदेशी निघालेली, ती कायमचीच. गळ्याच्या ऑपरेशननंतर तिचा आवाज उरला होता कुजबुजीएवढा. म्हणजे बोलणारीला आवाज नाही, ऐकणारीला कान नाहीत, आणि हातात एकच दुपार.

जावयांनी कान तपासले, आलेख कागदावर छापला. तेवढ्यात पडद्यावर झळकलं, तुमचा कॉम्प्युटर नव्या सिस्टिमसाठी तयार आहे. झालं! यांचे डोळे लकाकले.

काउंटरवरून लेक म्हणाली, "अहो, आपला प्रोग्राम नव्यावर चालतो का, ते आधी कंपनीला विचारा."

कॉम्प्युटर स्वतःच तयार म्हणतोय, आणखी कोणाच्या पाया पडू, असं त्यांचं म्हणणं. अहो, वहाण तयार आहे म्हणून पाय तिच्यात मावतोच का? पण पालथ्या घड्यावर पाणी.

नवी सिस्टिम आली. नवं चित्र, नवे रंग. आवाज जुळवायचा प्रोग्राम तेवढा उघडेना. माघारी फिरावं, तर जुनी सिस्टिम जागा अडवते म्हणून हे पुसून मोकळे झालेले. लेकीनं कंपनीला फोन लावला. नव्यावर चालणारा प्रोग्राम अजून निघालेलाच नाही, आणि तसं आम्ही वेबसाइटवर ठळक लिहिलंय, असं तिकडची बाई म्हणाली. जावयांचं तोंड चिमणीएवढं झालं.

ही मात्र खुर्चीत हसत बसलेली. तिला यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं. मी लिहून दाखवलं तेव्हा चेहरा उतरला.

"मग बहिणीचं मला कळणार कसं?" एवढंच म्हणाली.

तेव्हा माझ्या डोक्यात आलं. दुकानाचा आधीचा लॅपटॉप जावयांनी भंगार म्हणून माझ्या गळ्यात मारला होता. मी त्यावर पत्ते खेळतो. घरी जाऊन आणला. पत्त्यांच्या शेजारी प्रोग्राम जसाच्या तसा. भंगारातलं पुसायचे कष्ट कोण घेतो! वायर जोडली, आलेख समोर ठेवला, आवाज जुळला, मशिनं हिच्या कानात बसली.

लॅपटॉपकडे बघत जावई स्वतःशीच पुटपुटले, "फारच जुना झालाय. यावरही नवी सिस्टिम टाकायला हवी."

खोलीच्या दुसऱ्या टोकाहून ही म्हणाली, "ऐकलं हो, जावईबापू. हात लावून तर बघा."

दुसऱ्या दिवशी दोघी बहिणी दिवेलागणीपर्यंत कुजबुजत होत्या. विषय कोण होता, ते सांगायला नको.